हिशेब जरूर मागा, पण मंत्रालयाकडे: पगारदार करदात्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील पगारदार आणि व्यावसायिक करदाते,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत कर सल्लागार आहे. जून-जुलैत तुमच्यापैकी कित्येक जण फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन माझ्या टेबलापलीकडे बसलेले असतात. तुमचा पगार, गृहकर्जाचे हप्ते, मुलांच्या फिया, आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च हे सगळं मला ठाऊक असतं. कर कापल्यावर हातात काय उरतं तेही दिसतं. त्यामुळे तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. खड्ड्यांतून ऑफिस गाठायचं, मुलाला खासगी शाळेत घालायचं, दुखलंखुपलं तर खासगी दवाखान्यात जायचं आणि वर कर भरायचा, यात चिडण्यासारखं पुष्कळ आहे.

पण जून २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या बायकांना महिना १५०० रुपये देणारी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून हा राग भलत्याच माणसांवर निघायला लागला. ‘आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी बसून खायचं’ हे वाक्य मी बँकेतल्या अधिकाऱ्यांकडून ऐकलंय, कॉलेजातल्या प्राध्यापकांकडून ऐकलंय, पुण्यातल्या कंपनीचं काम इथे घरून करणाऱ्या पंचविशीतल्या मुलांकडूनही ऐकलंय. सोसायटीच्या ग्रुपवर ते फिरतं तोवर एक वेळ समजू शकते. आता ते धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईला तोंडावर ऐकवलं जातं. ‘काय मावशी, मजा आहे तुमची, आमच्या पैशावर.’ ती काही बोलत नाही, कारण तिला काम टिकवायचं असतं. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

‘आमच्या पैशावर’ म्हणताना कुठला पैसा तुमच्या डोळ्यांसमोर असतो? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फॉर्म १६ वरचा प्राप्तिकर असतो. तो मंत्रालयात जात नाही, दिल्लीला जातो. केंद्राच्या विभाज्य, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या, करांपैकी ४१ टक्के रक्कम सगळ्या राज्यांना मिळून दिली जाते, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ६.३१७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. गुणाकार करून बघा. शंभर रुपयांमागे दोन रुपये साठ पैशांच्या आसपास राज्याकडे परत येतात. उपकर आणि अधिभार तर या वाटणीत धरलेच जात नाहीत. केंद्राच्या योजनांमधून आणखी पैसा येतो हे खरं, आणि महाराष्ट्राला कमी मिळतं हा वादही खरा आहे, तो जरूर घाला. पण लाडक्या बहिणीचे १५०० रुपये राज्याच्या तिजोरीतून जातात, आणि ती तिजोरी मुख्यतः राज्याच्या वाट्याचा जीएसटी, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचे कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर यांवर चालते.

जीएसटी त्या मावशीही भरतात. त्यांच्या २९९ रुपयांच्या मोबाईल रिचार्जमध्ये ४५ रुपयांच्या वर कर असतो, त्यातला निम्मा राज्याचा. अंगाचा साबण आणि टूथपेस्ट यांवर २०१७ पासून आठ वर्षं १८ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. सॅनिटरी पॅडवर सुरुवातीला १२ टक्के होता, जुलै २०१८ मध्ये ओरड झाल्यावर निघाला. जुलै २०२२ पासून पाकीटबंद आटा-डाळही ५ टक्क्यांत आली. मावशींच्या हातात आलेला जवळजवळ सगळा पैसा महिना संपायच्या आत खर्च होतो, आणि जीएसटी खर्चावर लागतो. तुमच्या पगाराचा जो भाग पीपीएफमध्ये किंवा मुदत ठेवीत जातो त्याला हा कर शिवत नाही. म्हणून मिळकतीच्या प्रमाणात पाहिलं तर वस्तूंवरचा कर गरिबालाच जास्त भारी पडतो. ती करदाती आहे. तिच्या नावाचा फॉर्म १६ निघत नाही, एवढाच फरक.

तुमच्या पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात एक छोटी ओळ असते. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पी.टी., २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर. हा मात्र खरोखर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि महाराष्ट्रात तो आला कसा ही हकिगत आमच्या सांगली जिल्ह्याशी जोडलेली आहे.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी खेड्यातल्या मजुराला कामाची हमी देण्याची कल्पना मांडली. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्या घरांत तो आठवला जातो तिथे अजूनही खडी फोडायला गेलेल्या बायका, कामावर वाटलेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो (ज्वारी) यांच्या गोष्टी निघतात. दुष्काळी कामांवर लाखो माणसं जगली, आणि त्या अनुभवातून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी कायमचा पैसा हवा होता. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराकडून, वकील-डॉक्टरांकडून, व्यापाऱ्यांकडून कर घ्यायचा, त्याला इतर काही कर आणि अधिभार जोडायचे, आणि जेवढी रक्कम गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. गरिबाने सरकारकडे हात पसरायचा नाही, कायदा दाखवून काम मागायचं, हे या राज्याने देशाच्या आधी मान्य केलं. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचाच नमुना समोर होता.

म्हणजे तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या पगारातून खेड्यातल्या अनोळखी मजुरासाठी कायद्याने पैसे कापले जात होते. त्यांनी ते आनंदाने दिले असं मी म्हणत नाही, कर कुणी आनंदाने देत नाही. त्यांचे पगारही तुटपुंजे होते, महागाई भत्त्यासाठी तेव्हा मोर्चे निघत. तरीही हा व्यवहार महाराष्ट्राने पत्करला, आणि पाझर तलाव, नालाबांध, खेड्यांना जोडणारे रस्ते यांतलं बरंच काही त्यातून उभं राहिलं. मराठी मध्यमवर्गाच्या खात्यावर जमा असलेली ही फार मोठी गोष्ट आहे. ती तुम्हाला कुणी सांगितली नाही, याचं मला वाईट वाटतं.

जाता जाता याच कराबद्दल आणखी एक. संविधानाने त्याची वार्षिक मर्यादा १९८८ मध्ये २५०० रुपये केली, त्यानंतर ती हललेली नाही. पुरुषांसाठी महिना १० हजारांच्या वर पगार गेला की हा कर पूर्ण लागतो. तुमच्या सोसायटीच्या फाटकावरचा १२ हजार पगाराचा वॉचमन आणि दीड लाख पगाराचे तुम्ही, दोघेही वर्षाला तेवढेच २५०० रुपये भरता. त्याच्या बायकोच्या खात्यात लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाला की ‘आमचा टॅक्स’ आठवतो, तेव्हा ही ओळही आठवावी.

आता तुम्हाला काय मिळतं ते बोलू. यावर लोक दुखावतात, पण माझा धंदाच तुमच्या सवलती शोधण्याचा आहे. जुन्या कर पद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख आणि बचतीसाठीच्या कलम ८०-सीचे दीड लाख वजावट म्हणून दाखवतो. उपकर धरून त्याचा वर्षाला १ लाख ९ हजार २०० रुपये कर वाचतो. लाडक्या बहिणीला वर्षाला १८ हजार मिळतात. एका माणसाच्या वजावटीत सहा बहिणींचं वर्ष निघतं. नव्या पद्धतीत आलात तर १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. १२ लाखांवर वर्षाला ८० हजार वाचले. या निर्णयापायी प्रत्यक्ष करांतलं सुमारे १ लाख कोटी रुपयांचं उत्पन्न सोडावं लागेल, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भाषणातच सांगितलं. लाडकी बहीण योजनेसाठी राज्याची २०२५-२६ ची तरतूद ३६ हजार कोटींची होती. एक आकडा देशाचा, दुसरा एका राज्याचा, हे लक्षात ठेवूनच ते शेजारी ठेवते. कंपन्यांचं बघायचं तर २० सप्टेंबर २०१९ ला कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, आणि वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडत असल्याचं सरकारनेच सांगितलं. त्या दिवशी शेअर बाजार उसळला. फुकटेपणाची चर्चा सोसायटीच्या ग्रुपवर झाल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या कष्टाचे पैसे आमच्याकडेच राहिले, त्यात फुकट काय? प्रश्न रास्त आहे. पण एकाच पगाराचे दोघे घ्या. एकाने फ्लॅटसाठी कर्ज काढलं, दुसरा वडिलांच्या घरात राहतो. पहिल्याला सवलत, दुसऱ्याला नाही. घर घेणाऱ्याला समाजाने हातभार लावावा असं सरकारने ठरवलं आणि तेवढा पैसा तिजोरीत येऊ दिला नाही. तिजोरीच्या बाजूने पाहिलं तर न आलेला रुपया आणि दिलेला रुपया यांत फरक पडत नाही. फरक पडतो तो दिसण्यात. तुमची सवलत विवरणपत्राच्या रकान्यात राहते, मी आणि तुम्ही सोडून ती कुणी बघत नाही. तिच्या हप्त्याची तारीख वर्तमानपत्रात छापून येते, मंचावर पुढारी उभे राहतात, फलक लागतात. त्यामुळे घेणारी तीच एक आहे असं वाटायला लागतं.

मी या सवलतींच्या विरोधात नाही. मी स्वतः त्या घेते, तुम्हालाही घ्यायला सांगते. रेल्वेचं तिकीट काढतानाही प्रवासखर्चाचा मोठा भाग सरकार सोसतं, कित्येक वर्षं ते तिकिटावर छापलेलंही असायचं, आणि तरी आपण खिडकीशी बसून हक्काने प्रवास करतो. तसाच करायला हवा. सरकारकडून काही मिळण्याचा हक्क वाटणं हा माझ्या लेखी दोष नाही. तो हक्क आपल्याला शोभतो आणि मावशींना शोभत नाही, हे मात्र मला पटत नाही.

आता ‘बायका आळशी झाल्या’ या बोलण्याकडे येते. आमच्याकडे ते द्राक्षबागांत फार ऐकू येतं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचे बागायतदार कामासाठी येतात तेव्हा हमखास सांगतात, ‘पैसे सुरू झाल्यापासनं बायका रोजगाराला येईनात.’ महिना १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. बाईची एका दिवसाची मजुरी याच्या कितीतरी पट असते. ५० रुपयांसाठी ती मजुरी सोडून घरी बसायला त्या बाईला हिशेब येत नाही असं समजायचं का? तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का असतो. काही जणी कमी दिवस येत असतील, हे मी मान्य करते. साठीला आलेली, गुडघे गेलेली बाई विरळणीच्या (घडांतले मणी विरळ करण्याच्या) दिवसांत दिवसभर हात वर करून मांडवाखाली उभी राहायची. तिने आता आठवड्यातून दोन दिवस घरी थांबायचं ठरवलं असेल. एखादीने मुकादमाला सांगितलं असेल की या दरात येणार नाही. डिपिंगची (घड औषधात बुडवण्याची) कामं लांबली की बागायतदाराचं नुकसान होतं, हे मला कळतं. पण बाईला नाही म्हणता यायला लागलं, हे मला चांगलंच वाटतं.

हीच तक्रार रोजगार हमीच्या वेळीही झाली होती. सरकारी कामावर मजूर जातात, आमच्या शेतात कुणी येत नाही, असं तेव्हा मोठे शेतकरी म्हणत. मजुराला दुसरा पर्याय मिळाला की पहिला मालक नाराज होतो, यात नवीन काही नाही. आणि बागायतदार बंधूंना एक विनंती. तुमच्या शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून राज्याने मोफत वीज दिली आहे. त्याला माझा विरोध नाही, एका अवकाळी पावसाने बागेचं काय होतं ते या जिल्ह्यात सगळ्यांनी पाहिलंय. मग तुमच्याच बागेत राबणाऱ्या बाईच्या १५०० रुपयांवर तुमचा एवढा रोष का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती भूषण गवई यांनी विचारलं की अशा योजनांमधून आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना. लाडक्या बहिणीचा उल्लेखही त्यात होता. ते वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी मला पाठवलं. न्यायमूर्तींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मला तो शब्द लागला. सुनावणी शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याची होती. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांच्याबद्दल बोलताना तो शब्द आला. आणि पैसे दिले की माणसं काम सोडतात, याला अभ्यासाचा आधार मिळत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपिन्ससह सहा देशांतल्या सात रोख-मदत योजनांचे प्रयोग तपासले. काम कमी झाल्याचा पद्धतशीर पुरावा त्यांना सापडला नाही. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातल्या काही गावांत ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने दर महिन्याला विनाअट रोख रक्कम देऊन पाहिली, तिथेही लोक आळशी झाले नाहीत, उलट स्वतःची छोटी कामं वाढली.

शिवाय बाई घरी असते तेव्हा ती ‘बसून’ असते, हे कुठून आलं? २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची बिनपगारी घरकामाची सरासरी दिवसाला २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ याहून वेगळा. हे वाचून तुमच्या स्वतःच्या घराकडे एकदा नजर टाका, एवढंच म्हणते.

इतकं वाचून मी या योजनेची प्रचारक आहे असा समज होईल. तसं नाही. ही योजना ज्या तऱ्हेने आणली गेली त्यावर माझा कडक आक्षेप आहे. २८ जून २०२४ ला विधिमंडळात घोषणा, ऑगस्टमध्ये पहिले हप्ते, ऑक्टोबरमध्ये दोन महिन्यांचे पैसे आगाऊ, २० नोव्हेंबरला मतदान. अर्जांची छाननी आधी व्हायला हवी होती, ती नंतर झाली. सुमारे २ लाख अर्ज तपासले तेव्हा दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिला लाभ घेताना सापडल्या, असं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी २०२५ मध्ये सांगितलं. दोन महिन्यांनी सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे पैसे अपात्रतेच्या संशयावरून थांबवले गेले. पगारदार असून गरिबाच्या रांगेत उभं राहणारी ती कर्मचारी आपल्याच वर्गातली होती, याकडेही डोळेझाक करू नका. जाहीरनाम्यात २१०० रुपयांचं वचन दिलं गेलं, तेव्हा पैसा कुठून येणार हे कुणी मांडलं नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला, आणि सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी दाखवली. दलित वसतिगृहातल्या मुलाच्या वाट्याचे पैसे त्याच्याच आईला देणं हे मला मंजूर नाही. राज्याचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलं आहे. २०२५-२६ च्या ५ लाख ६० हजार कोटींच्या अंदाजित महसुली जमेतून ३६ हजार कोटी कसे काढले, कशाला कात्री लावली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पण यातला कुठला प्रश्न भांडी घासणाऱ्या बाईला विचारण्यासारखा आहे? घोषणा तिने केली नाही, छाननी तिने टाळली नाही, निधी तिने वळवला नाही. सरकारने अर्ज मागवले, तिने भरला.

आणि सगळ्यात जास्त राग यावा अशी गोष्ट कुठल्याच ग्रुपवर दिसत नाही. लाडकी बहीण योजना आली तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली. त्याच वेळी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आणि म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेत ही मर्यादा होती वर्षाला २१ हजार. अख्ख्या कुटुंबाचे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. खरं उत्पन्न सांगितलं तर बहुतेक निराधारांचा अर्ज बाद होईल, म्हणून तहसीलमध्ये दाखला काढताना त्यांना ठरलेला आकडा सांगावा लागतो. ज्या म्हातारीने आयुष्यभर कुणाला फसवलं नाही तिला मरणाच्या उंबरठ्यावर कागदावर खोटं लिहायला लावायचं, ही आपल्या राज्याची रीत झाली. लाडकी बहीण पासष्टीला थांबते. सहासष्टाव्या वर्षी तीच बाई अडीच लाखांच्या मर्यादेतून २१ हजारांच्या मर्यादेत येऊन पडते. केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला हिस्सा तर ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये आहे. २००७ पासून तेवढाच.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या पैशांसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, ओटीपीसकट. बोगस नावं गाळायला तपासणी हवीच, माझा त्याला पाठिंबा आहे. पण नवऱ्याने टाकलेली बाई त्याचा ओटीपी कुठून आणणार? वडील वारलेली विधवा काय करणार? ओरड झाल्यावर मुदत नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत गेली आणि अशा बायकांसाठी वेगळी कागदपत्रं घ्यायचं ठरलं. तोवर सेतू केंद्रांच्या दारात त्या किती खेटे घालत होत्या, ते मी माझ्या ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. अपात्र श्रीमंत बाई गाळण्याच्या नादात पात्र गरीब बाई आधी गळते, कारण तिच्याकडे कागद नसतात. ‘फुकटे’ म्हणून सरसकट आरडाओरड केली की सरकारलाही तपासणीचा असाच आंधळा मार्ग सोपा वाटतो.

करदाता म्हणून तुमचा आवाज मोठा आहे. तुम्ही इंग्रजीत मेल लिहू शकता, माहितीचा अधिकार वापरू शकता, आमदारांच्या कार्यालयात तुम्हाला खुर्ची मिळते. एप्रिल २०१६ पर्यंत तुमच्यासारख्या १ कोटीहून अधिक कुटुंबांनी गॅसचं अनुदान स्वतःहून सोडलं होतं, त्यामुळे तुमच्यात कळकळ नाही असं मला कधीच वाटलं नाही. तो आवाज योग्य दारात न्या. दर वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं मराठीत निघतात, वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ती बघता येतात. कुठल्या विभागाची तरतूद किती होती आणि प्रत्यक्षात किती पोहोचली, ते त्यात सापडतं. समजायला अवघड वाटलं तर माझ्याकडे या, आपण बसून वाचू. त्याचे पैसे मी घेणार नाही.

निराधार आणि श्रावणबाळ योजनांची उत्पन्न मर्यादा लाडक्या बहिणीइतकी करावी, टाकलेल्या बायकांना नवऱ्याच्या कागदांतून कायमचं मोकळं करावं, आणि मागासवर्गीयांसाठीचा निधी दुसरीकडे वळवायला कायद्याने बंदी घालावी, या तीन मागण्यांचं निवेदन मी जिल्ह्यातल्या सर्व आमदारांसाठी तयार केलं आहे. विवरणपत्र भरायला याल तेव्हा ते टेबलावर असेल. वाचा, पटलं तर सही करा, नाही पटलं तर काय पटलं नाही ते मला तोंडावर सांगा. आणि तोवर घरकामाच्या मावशींना त्यांच्या हप्त्यावरून काही बोलू नका.

आपली,
सांगलीतील एक कर सल्लागार